नाही, मी नाही

१२ जानेवारी २०२५, रविवार

मृदुला दुपारी गेली. विमान अहमदाबादेहून. टॅक्सीवाला गल्लीत वळेना, म्हणून तिने दोन्ही बॅगा स्वतःच कोपऱ्यापर्यंत ओढत नेल्या. मी गॅलरीत उभा होतो. खाली उतरलो नाही.

वय चौतीस. शाळेतली चित्रकलेची कायम नोकरी, नऊ वर्षांची, सोडून दिली; आणि निघाली कुठे, तर जॉर्जिया नावाच्या देशात, चार महिने, लाकडी ठसे कोरून छपाई शिकायला. काल जेवताना मी जे म्हटलं ते म्हटलं. "जायचं तर जा. मग अडचणीत हाक मारू नकोस." ताट उचलून आत गेली. तिची आई, स्नेहलता, असती तर मध्ये पडली असती. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आता मध्ये पडणारं माणूस घरात नाही.

निघण्यापूर्वी मात्र मृदुलाने तिचा जुना फोन माझ्यापुढे ठेवला. तिचं बडोद्याचं कार्ड त्यातच राहणार, तिकडे ती दुसरं घेणार. म्हणाली, "बाबा, माझ्या मेलला दोन कुलपं आहेत. एक पासवर्ड, तो मला पाठ आहे. दुसरं हा फोन. नव्या मशीनवरून मी मेल उघडायला गेले की यावर विचारणा येईल, तुम्हीच आहात का म्हणून. मी आधी तुम्हाला फोन करून सांगीन. मग 'होय' दाबायचं. माझा फोन आलेला नसेल, तर समजायचं दुसरंच कुणीतरी आहे. तेव्हा 'नाही'."

मी म्हटलं, "एवढं काय आहे त्या मेलमध्ये?"

"सगळंच. पासपोर्टची नक्कल, तिकिटं, विमा, सगळ्यांचे नंबर."

फोनची भाषा माझ्यासाठी मराठी करून दिली आहे. स्नेहलताच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला आहे, चार्जरला लावून.

१४ जानेवारी

उत्तरायण, इथली पतंगांची संक्रांत. सकाळपासून आमच्या छाणीभर गच्च्यांवरून 'काय पो छे'. गच्चीवर गेलो नाही.

१६ जानेवारी

सव्वापाचला मृदुलाचा फोन. पडद्यावर तिचं नाव आणि फोटो येतो. "बाबा, आता येईल बघा." आणि खरंच फळीवरचा फोन गुरगुरला. पांढऱ्या पडद्यावर: "साइन इन करण्याचा प्रयत्न करणारे तुम्हीच आहात का?" खाली दोन चौकटी. "होय." "नाही, मी नाही." मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि 'होय' दाबलं.

"उघडला," ती तिकडून म्हणाली. "थँक यू, बाबा."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आणखी काही विचारायला हवं होतं का? जेवतेस का नीट, एवढं तरी.

८ फेब्रुवारी, शनिवार

आतापर्यंत पाच वेळा 'होय' दाबलं. आमचं बोलणं तेवढंच. आज ती म्हणाली, स्टुडिओला आठवडाभर सुट्टी आहे, ती एकटीच डोंगरातल्या एका गावी चालली आहे, तिथे जुन्या दगडी देवळांवर कोरीव काम आहे. "तिथून फोन लागेल न लागेल."

"तुझी मर्जी," मी म्हटलं.

मग म्हणाली, "बाबा, एकदा तरी विचारा ना, काय शिकते आहेस म्हणून."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन बंद केला. गॅसवर दूध नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिल्यांदाच न सांगता विचारणा आली. पावणेसहाला. मी पेपर वाचत होतो. फळी लाकडी असल्यामुळे आवाज सगळ्या खोलीत घुमतो. पडद्यावर अनोळखी फोनचं नाव, खाली "नेदरलँड्स".

माझा फोन बघितला. मृदुलाचा फोन आलेला नव्हता. ती जॉर्जियात, हा माणूस नेदरलँड्समध्ये. नियम सरळ आहे. "नाही, मी नाही" दाबलं.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्या भरवशावर काही ठेवलेलं नाही. आमचे आजोबा जगदेवराव संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर असत. परवलीचा शब्द विसरलेल्या स्वतःच्या अंमलदाराला त्यांनी पहाटेपर्यंत फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं, अशी घरात गोष्ट सांगतात.

१३ फेब्रुवारी

आज दोनदा. दोन्ही वेळा साडेपाच ते सहाच्या मध्ये. दोन्ही वेळा 'नाही'. मग त्याच फोनवर कॉल आला, लांबलचक परदेशी नंबर. मृदुलाचा फोन नावानिशी येतो, हा तसा नव्हता. कापला. परत आला. परत कापला.

भाचा समरजित अलकापुरीत एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतो. त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, "मामा, बराबर केलंत. अजिबात उचलू नका. रविवारी येतो."

१४ फेब्रुवारी

एकदा. 'नाही'.

१५ फेब्रुवारी

आज चूक केली. फोन उचलला. का उचलला, ते मलाच सांगता येत नाही. तोच लांब नंबर होता. सहा-सात वेळा वाजला आणि हात गेला.

पलीकडे खरखर. लांब कुठेतरी चाकाची गाडी ढकलल्यासारखा आवाज. मग एक बाई काहीतरी परक्या भाषेत भराभर बोलली. ती थांबली आणि हळूच, प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली, "मामा? मामा?"

जगात मला मामा म्हणणारा एकटा समरजित. या बाईला ते कसं ठाऊक? मी फोन बंद केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

समरजित आला. येताना खारी आणली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता हीच रीत आहे, मामा. काका म्हणतात, मामा म्हणतात, ओळखलं का विचारतात. आपण नाव घेतलं की पकडलं. नाती-गोती सगळी नेटवर पडलेली असतात."

"पण मराठीत कशी बोलली?"

"एक शब्द तर बोलली. तो काय, कुणालाही शिकवता येतो."

त्याने तो नंबर अडवून टाकला. आता तिथून कॉल येणार नाही. मग म्हणाला, मेलचा पासवर्डच बदलून टाकू, म्हणजे चोराचा रस्ता कायमचा बंद. मी म्हटलं, मृदुलाला विचारल्याशिवाय नको. त्याने तिला लावून बघितला. लागला नाही. डोंगरात असेल. तो म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहू, नाही तर बदलू.

१८ फेब्रुवारी

काल काहीच आलं नव्हतं. आज साडेपाचपासून मी त्या फळीकडेच बघत बसलो होतो. पाच चाळीसला गुरगुरला. वाट बघत असूनही दचकलो. 'नाही'.

चोर वेळेचा पक्का आहे. सकाळी नाही, रात्री नाही. याच अर्ध्या तासात. दारावर कुणीतरी येऊन एकदाच ठोकून उभं राहावं, तसं. जबरदस्ती नाही, घाई नाही.

फोन उचलून डाळीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला. हे तर अधिकच वाईट झालं. त्यात नुसता बॅटरीचा संदेश आला तरी सगळं स्वयंपाकघर कण्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या हंसाबेननी जिन्यात विचारलं, "मृदुलाबेननो फोन आव्यो?" मी म्हटलं, "आव्यो ने." का खोटं बोललो? अकरा दिवस झाले. आठवडा म्हणून गेली होती. राग धरून बसली असणार. तिच्या आईचा स्वभाव. धरू दे. मीही काही तिच्यामागे धावणार नाही.

पावणेसहाला डबा वाजला. उघडून फोन बाहेर काढला. पडद्यावर तोच प्रश्न. आज बोट लगेच गेलं नाही. पडद्यापलीकडे कुणीतरी श्वास रोखून बसलं आहे, असं उगाच वाटलं. आणि क्षणभर एक विचार येऊन गेला. तो इथे लिहीत नाही. नियम तिनेच घालून दिला आहे. फोन न करता आली तर ती ती नव्हे. आणि समजा असलीच, तर फोन का नाही करत? एवढी कसली मिजास?

'नाही' दाबलं.

२० फेब्रुवारी

परत. 'नाही'. जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर कसंही येतंय. पण आजच लिहायला हवं.

दुपारी तीनला समरजितचा फोन. म्हणाला, "मामा, पासवर्ड रविवारी बदलतोच. तोवर त्या फोनवरच मेल उघडून बघा, तिच्या नावाने कुणाला काही गेलंय का."

आजवर मी तो उघडला नव्हता. लेकीची पत्रं बापाने वाचायची नसतात, एवढं मला कळतं. आज उघडला. वरची कितीतरी नावं ठळक काळी, म्हणजे न वाचलेली. त्यात स्टुडिओच्या बाईंची दोन पत्रं. इंग्रजीत, साधंच. पहिलं सोमवारचं: मृदुला, आम्ही परत आलो, तू कुठे आहेस? दुसरं कालचं: तुझी खोली बंद आहे, पासपोर्ट माझ्याकडेच आहे, तुझा फोन लागत नाही, मला काळजी वाटते आहे. घरचं कुणी हे वाचत असेल तर कळवा.

घरचं कुणी.

मी खुर्चीवर बसलो. सोमवारपासून शुक्रवार. मी राग मोजत बसलो होतो. ती परत पोहोचलीच नव्हती.

समरजितला लावला, तो मीटिंगमध्ये. हंसाबेन बाहेर गेलेल्या. त्या बाईंना काय लिहावं ते सुचेना. आणि मग, देवा, सगळं एकदम समोर आलं. तो लांब नंबर. ती साडेपाचची वेळ. चोर असता तर रोज एकाच वेळी कशाला येईल?

पण खात्री कुठे होती? चोराने तिचा फोन नेला असेल, तिला काही केलं असेल आणि आता मेल मागत असेल, हेही शक्य होतं. 'होय' दाबलं तर मी माझ्या हाताने त्याला घरात घेणार. दोन तास फोन मांडीवर घेऊन बसलो. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. काही नाही. काल 'नाही' म्हटलं ते शेवटचं ठरलं, असं वाटलं. देवापुढे कधी हात न जोडणारा मी, त्या काळ्या काचेपुढे जोडले.

पाच बावन्नला फोन थरथरला. 'होय' दाबलं.

पुढची दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मेल उघडाच होता. मग माझ्या डोळ्यांदेखत वरचं ठळक नाव बारीक झालं. मी हात लावला नव्हता. मग खालचं. मग त्याखालचं. एकेक काळी ओळ फिकट होत खाली चालली होती. कुणीतरी, कुठेतरी बसून ती वाचत होतं. माझ्या घरात, माझ्या हातात, आणि मला दिसत नव्हतं.

मग एक नवं पत्र वर आलं. मृदुलाकडून मृदुलाला. विषयाच्या जागी लिहिलं होतं: "बाबा, फोन उचला. मीच आहे."

फोन वाजेना. मी वाट बघतोय आणि फोन वाजेना. मग आठवलं, नंबर अडवलेला आहे. कसा सोडवायचा, ठाऊक नाही. त्याच पत्राला उत्तर म्हणून एका बोटाने लिहिलं, "थांब. जाऊ नकोस. उघडतो." मग सेटिंगच्या एकेका पानावर शिरत गेलो. बिघडलेलं यंत्र खोलताना घाई करायची नसते, हे पोरांना बत्तीस वर्षं शिकवलं. आज स्वतःला मोठ्याने सांगत होतो. सापडला. सोडवला.

तेव्हा वाजला.

"बाबा?" आवाज इतका बारीक की ओळखू येईना.

मी म्हटलं, "कुठे आहेस?"

२२ फेब्रुवारी

डोंगरातल्या गावात दहा तारखेला बर्फावरून पाय घसरला. उजवं मनगट आणि अंगठा चिरडला, डोक्याला मार. फोन दरीत. पासपोर्ट स्टुडिओत. तालुक्यासारख्या गावातल्या लहान दवाखान्यात तिला ठेवलं आहे. ऑपरेशन तिथे होत नाही. मोठ्या दवाखान्यात हलवायला विम्याचा नंबर आणि पासपोर्ट हवा, आणि दोन्ही मेलमध्ये. स्टुडिओचा फोन सुट्टीत कुणी उचलत नव्हतं. मग तो नंबर लावणंही तिने सोडून दिलं. माझा नंबर दोन वर्षांपूर्वी बदललेला, तो तिला पाठ नव्हता. पाठ होता फक्त स्वतःचा. म्हणजे फळीवरचा.

कागद काल रात्रीच पाठवले म्हणते. आज तिला राजधानीला हलवताहेत. स्टुडिओच्या बाई सोबत आहेत.

२५ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. उद्या महाशिवरात्र. सूरसागर तलावातल्या शंकराकडे जाणार नाही.

९ मार्च, रविवार

आली. मी आणि समरजित अहमदाबादला गेलो होतो. हात कोपरापासून पट्ट्यांत, बोटांची टोकं तेवढी बाहेर, मेणासारखी. वजन निम्म्यावर आलंय.

गाडीत राहवेना म्हणून समरजितच बोलत होता. "ताई, पण नेदरलँड्स कसं काय दाखवत होतं?" ती म्हणाली, नर्स रोज संध्याकाळची पाळी सुरू करण्याआधी अर्धा तास आपला फोन द्यायची, त्या फोनमध्ये ठिकाण लपवणारं काहीतरी होतं, सिनेमे बघण्यासाठी घातलेलं.

"आणि मामा? मामा कोण म्हणालं?"

"नर्सच्या भाषेत बापाला मामा म्हणतात. त्या दिवशी मला ताप होता, बोलता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, माझ्या वडिलांना सांग."

आणंद मागे पडलं. मग समरजित म्हणाला, "चूक माझी आहे, ताई. मीच नंबर अडवला." ती म्हणाली, "नाही रे. तुला काय माहीत." माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत, सहज सांगावं तसं म्हणाली, "स्क्रीनवर यायचं ना, दुसऱ्या फोनवरून नकार देण्यात आला आहे. सात वेळा आलं."

दुसरा फोन कुणाच्या घरात आहे, हे तिला जगात सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

१८ मार्च

पट्ट्या निघाल्या. रेसकोर्सजवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला. म्हणाले, तिकडच्या सर्जनने काम चांगलं केलंय, पण उशीर झाला. पहिल्या आठवड्यात झालं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळत नाहीत, मध्ये अर्ध्या इंचाची फट राहते. मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने माल नापास केलेला माणूस.

फोन तिने परत घेतला. मेलचं दुसरं कुलूप आता तिच्या मैत्रिणीच्या, पूर्णिमाच्या फोनवर लावलंय, आणि फोन नसला तरी मेल उघडणाऱ्या आकड्यांच्या दहा किल्ल्या एका कागदावर लिहून पाकिटात ठेवल्या आहेत. मला तिने काही सांगितलं नाही. पूर्णिमाशी फोनवर बोलताना ऐकू आलं.

पावणेसहाला अजूनही फळीकडे मान वळते. तिथे आता काही नाही. पण परवा मी हंसाबेनना विचारलं, तुमच्याकडे काही वाजतंय का? त्या म्हणाल्या, "ना, जयसिंगभाई. कशुंय नथी वागतुं."

२ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी मृदुलाने बॅगेतून लाकडाचा एक ठोकळा काढला, तळहाताएवढा, आणि कोरायची हत्यारं. टेबलाशी बसली. उजव्या हाताने ठोकळा धरता येईना, डाव्याने कोरताना तो सरकत होता. बराच वेळ तिची खटपट चालली. मी म्हटलं, ठोकळा आवळून धरायला टेबलाला व्हाइस बसवून देतो.

"नको, तो फिरवावा लागतो सारखा. बाबा, जरा धरता?"

मी समोर बसलो आणि दोन्ही हातांनी धरला. ती डाव्या हाताने कोरू लागली. रेघ वाकडी जात होती. तिने ती तशीच पुढे नेली. लाकडाचे बारीक कुरळे कपटे माझ्या मनगटांवर पडत होते. काय कोरतेस, ते विचारलं. "घर," म्हणाली. कुणाचं, ते मला कळलं नाही. छाणीतलं तर दिसत नव्हतं.

तीन आठवडे जे तोंडात होतं ते मग विचारलं. "पहिल्यांदा नकार आला, तेव्हा काय वाटलं तुला?"

ती थांबली नाही. "पहिल्यांदा वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल."

"आणि मग?"

हत्यार लाकडात रुतलं होतं. ते तिने हळूच हलवून मोकळं केलं. "मग वाटलं, बाबांनी ओळखलंय, आणि तरीही नाही म्हणताहेत."

मी म्हटलं, "नव्हतं ओळखलं, मृदुला."

"हं," ती म्हणाली. "थोडं इकडे फिरवा."

मी ठोकळा फिरवला. तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा जोर देऊन म्हणावं, म्हणून तोंड उघडलं. वहीत न लिहिलेला तो विचार आठवला, दुसऱ्यांदा ते माझ्याच्याने म्हणवेना.